वस्तीवरचं ऑफिस : शिरूर-दौंडच्या सरपंचांना खुलं पत्र

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या सर्व ग्रामपंचायतींच्या सरपंचांना,



माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, सासर दौंडमधलं. मधे भीमा आहे, पण सोयरीक, ऊसतोड आणि दुधाच्या गाड्या तिला जुमानत नाहीत. म्हणून दोन तालुक्यांचं गाऱ्हाणं एकाच पत्रात घालते आहे. मी सासरच्या वस्तीवरून एका विमा कंपनीचं क्लेम तपासायचं काम करते. तुमच्या प्रत्येकाच्या गावात माझ्यासारखी माणसं आहेत. कुणाची सून रात्री अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं बघते, कुणाचा मुलगा खराडीच्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासतो, कुणी घरातून शिकवण्या घेतं, कुणी ट्रॅव्हल कंपनीची तिकिटं काढतं. गावातून दूध किती लिटर जातं आणि कारखान्याला ऊस किती टन जातो, हे पारावर बसलेल्या कुणालाही तोंडपाठ असतं. आमच्याबद्दल विचारलं तर उत्तर येतं, “काहीतरी कॉम्प्युटरवर करतात.” पगार गावात येतो, किराणा गावातून भरला जातो, पण गावच्या विकास आराखड्यात या कामासाठी एक ओळसुद्धा नसते.

सुरुवातीलाच सांगते, टेबल-खुर्ची मागायला हे पत्र नाही. घराच्या आतलं आमचं आम्ही बघतो, बघितलंही आहे. घराच्या बाहेरचं जे आहे, ते आमच्या हातात नाही, आणि तेच सगळ्यात जास्त आडवं येतं.

हे सगळं कसं सुरू झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्यातली भाड्याची खोली सोडून पोरं लॅपटॉप काखोटीला मारून गावी आली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने कॉल सेंटरसारख्या कंपन्यांचे नियम सैल केले आणि कर्मचाऱ्याने कुठूनही काम करायला वाट मोकळी झाली. पुढे कंपन्यांनी परत बोलावलं, पण बऱ्याच ठिकाणी आठवड्यातले काही दिवसच. ज्यांना शिरूरहून नगर रस्त्याने वाघोली पार करायची असते, किंवा दौंडहून सकाळच्या डेमू गाडीत उभं राहून पुणे गाठायचं असतं, त्यांना विचारा की आठवड्यातले दोन दिवस घरी मिळाले तर काय वाचतं. पैसे वाचतात, पाठ वाचते, आणि पोर जागं असताना त्याचं तोंड दिसतं.

घरी बसून पोट भरणं आपल्या भागाला नवीन नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर या मंडळींनी तिथलं ताम्रपाषाणयुगातलं गाव उघडं केलं. साधारण इसवीसनपूर्व १६०० ते ७०० या काळातलं. त्या गावात कुंभाराचं घर सापडलं, सोनाराचं सापडलं, चुना भाजणाऱ्याचं आणि हस्तिदंत कोरणाऱ्याचंही. घर तेच कारखाना. ही कारागिरांची घरं गावाच्या पश्चिम कडेला होती, आणि मधे पाच खोल्यांचं एक मोठं घर, जे अभ्यासक गावच्या प्रमुखाचं मानतात. त्याला लागून धान्याचं कोठार. आता खरी गोष्ट पुढेच आहे. त्याच गावाला पुराचं पाणी अडवायला दगडमातीचा बांध होता आणि पाणी वळवायला चर. कुंभाराने भट्टी आपल्या दारात लावली असेल, पण बांध काही त्याने एकट्याने घातला नव्हता. तो गावाचा होता, आणि प्रमुखाच्या शब्दाशिवाय झाला नसावा. सरपंचसाहेब, सरपंचबाई, तुमची खुर्ची त्या पाच खोल्यांच्या घराची वारस आहे असं मी धरून चालते.

आधी घरातलं आटपून घेते, म्हणजे आम्ही हातावर हात ठेवून बसलेलो नाही हे कळेल.

घरून काम करायची जागा कशी असावी, याचे सल्ले देणारे बहुतेक जण उंटावरून शेळ्या हाकतात. त्यांच्या डोळ्यांपुढे फ्लॅट असतो, खिडकीत कुंडी असते, एसी असतो. आमच्याकडे पत्रा असतो. एप्रिल-मे महिन्यांत दौंड-शिरूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याखालची खोली दुपारी बारा ते पाच माणसाला बसू देत नाही. पंखा फक्त गरम हवा फिरवतो. ज्यांच्याकडे स्लॅब आहे त्यांनी वर पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग मारावा. ज्यांच्याकडे पत्रा आहे त्यांनी खाली छत करून घ्यावं, नाहीतर गोठ्यावर टाकतो तसं पाचट पत्र्यावर टाकावं, फक्त चुलीच्या धुराड्यापासून लांब. टेबल उत्तरेच्या खिडकीशी लावावं. उजेड बाजूने यावा. पाठीमागून आला तर पडद्यावर चकाकी येते, आणि मीटिंगमध्ये खिडकी आपल्या मागे असली तर आपलं तोंड काळं दिसतं.

टेबलाचं म्हणाल तर बाजारात मिळणारं टेबल ३० इंच उंच असतं. पाच फूट दोन इंचांच्या बाईला ते तीन-चार इंचांनी उंच पडतं. मग खांदे वर चढतात आणि रात्री मान धरते. टेबलाचे पाय कापून घ्यावेत, लोखंडी असेल तर वेल्डिंगवाला दहा मिनिटांत कापून देतो. ते जमत नसेल तर खुर्चीत गादी घालून उंच बसावं आणि पायाखाली पाट घ्यावा. कोपर काटकोनात, मनगट सरळ, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तकं घालून वेगळा कीबोर्ड जोडला की हे साधतं. लग्नाच्या मांडवातली प्लॅस्टिकची खुर्ची मात्र या कामाची नाही. तिची पाठ मागे कलते आणि कंबरेला आधार देत नाही.

आवाजाचं सांगायलाच नको. मोराच्या चिंचोलीत मीटिंग चालू असताना मोर ओरडला तर परदेशातले लोक खूश होतात. केडगाव-पारगाव पट्ट्यात गुऱ्हाळाचा चरक सुरू झाला की खूश होणारं कुणी नसतं. तोंडाजवळ माइक असलेला हेडफोन घेतला की निम्मा प्रश्न सुटतो. उरलेला निम्मा सप्ताहाच्या आणि वरातीच्या भोंग्यांचा, त्याबद्दल मी तुमच्याशी भांडायला बसले तर हे पत्र इथेच राहील.

आता विजेकडे येते.

गावठाणात राहणाऱ्यांना कल्पना नसते की वस्तीवर वीज कशी येते. आपल्या दोन्ही तालुक्यांत निम्मं गाव मळ्यात राहतं. गावठाणाचा फीडर वेगळा, शेतीपंपांचा वेगळा. वस्तीवरची बरीच घरं शेतीच्या फीडरवर आहेत. शेतीला तीन फेज वीज पाळीने मिळते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. उरलेल्या वेळात काही वस्त्यांना सिंगल फेज मिळते, काहींना तीही नाही. वीज गेल्यावर जेव्हा येते तेव्हा ‘ऑटो’ला लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज तळाला जातं आणि कधीकधी डीपीच (ट्रान्सफॉर्मर) जळते. डीपी जळाली की ती बदलून येईपर्यंत कंपनीला काय सांगायचं? पुण्यातल्या टीम लीडरला ‘डीपी’ म्हणजे व्हॉट्सॲपचा फोटो वाटतो.

त्यावर आम्ही घरात जे करतो त्याचा हिशेब मांडते, कारण यात लोक फार पैसे वाया घालवतात. लॅपटॉपला साधारण ५० वॅट लागतात, राउटरला १०, एलईडी दिव्याला १०. साधा जुना पंखा ७५ वॅट ओढतो, बीएलडीसी पंखा ३०. १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही थोडी वीज खातो, म्हणून हातात साडेअकराशेच्या आसपास पडतात. जुन्या पंख्यावर जेमतेम आठ तास, बीएलडीसीवर अकरा-साडेअकरा. म्हणजे दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखा बदलावा. आणि त्या इन्व्हर्टरवर टीव्ही, मिक्सर, फ्रिज जोडू नये, हे घरातल्या सगळ्यांना पहिल्या दिवशीच सांगावं.

छतावरच्या सोलरबद्दल मोठा गैरसमज आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, म्हणून अनेकांनी पॅनल बसवले आणि वाटलं की आता वीज गेली तरी चिंता नाही. महावितरणच्या तारेला जोडलेलं बिनबॅटरीचं सोलर वीज गेली की आपोआप बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. भर उन्हात छतावर पॅनल चमकतात आणि खाली लॅपटॉप बंद. बिल कमी होतं, पण ऑफिस चालवायचं तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि त्याचा खर्च वेगळा. विकणाऱ्याने हे आधी सांगितलेलं सहसा नसतं. ग्रामपंचायतीच्या फलकावर एवढी एक सूचना लावलीत तरी पुण्य लागेल.

हे झालं आमच्या भिंतीच्या आतलं. आता तुमच्याकडची बाजू. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये गायरान किंवा पडीक जमिनीवर सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची असं ठरलेलं आहे. प्रकल्प ज्या गावात होतो त्या ग्रामपंचायतीला दरवर्षी ५ लाख याप्रमाणे तीन वर्षं अनुदानाचीही तरतूद आहे. काही गावांनी गायरान दिलं, काही गावांत जनावरं कुठे चारायची म्हणून विरोध झाला. विरोध खोटा नाही, मेंढपाळांचं ऐकलंच पाहिजे. पण जिथे जागा खरोखर मोकळी आहे आणि नुसतं श्रेयावरून घोंगडं भिजत पडलंय, तिथे दिवसाच्या विजेवर नुसती मोटार अवलंबून नाही, त्याच तारेवर वस्तीवरच्या पोरांच्या नोकऱ्याही आहेत, हे ग्रामसभेत बोललं जावं.

त्यातही एक खाच आहे. दिवसा आठ तास तीन फेज मिळाली की शेतकऱ्याचं भागतं. अमेरिकेच्या वेळेवर काम करणाऱ्या सुनेचं भागत नाही. तिला रात्री सिंगल फेज हवी. म्हणून ज्या वस्त्या गावठाणाच्या तारेपासून जवळ आहेत त्यांना गावठाण फीडरवर घ्या, ही मागणी वस्त्यांच्या यादीसकट महावितरणकडे ठरावाने गेली पाहिजे. एकट्या घराने अर्ज केला की तो धूळ खातो. ठरावाला निदान उत्तर द्यावं लागतं.

रात्रीचा विषय निघाला म्हणून सांगते. रेंज मिळेना की बांधावर जायचं, टाकीवर चढायचं, ही आपल्याकडची रीत. शिरूरच्या बेट भागात आता ती चालत नाही. पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, लहान मुलं गेली. उसाच्या कडेला अंधारात फोन कानाला लावून उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळे घराच्या आत इंटरनेट येणं हा चैनीचा मुद्दा उरलेला नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची केंद्राची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिला भारतनेट हे नाव मिळालं. तार पंचायतीपर्यंत आली असेल तर तिथून वस्तीपर्यंत कोण नेणार? खाजगी केबलवाले तयार असतात, त्यांना खांबांची आणि रस्ता खोदायची परवानगी लागते, आणि ती तुमच्या हातात असते. परवानगी द्याच, पण दोन अटी घाला. रस्ता खोदला तर बुजवून द्यायचा. आणि गावातल्या त्यांच्या पेटीला बॅटरी बसवायची. आमच्या राउटरला बॅटरी असून उपयोग काय, चौकातली पेटी विजेबरोबर झोपत असेल तर? व्हिडिओ मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुरतात. शंभरची जाहिरात नको, पुरतात तेवढे सारखे मिळू देत.

आता ज्या गोष्टीसाठी कुठलीच योजना नाही, तिच्याबद्दल.

बाई घरात आहे म्हणजे मोकळी आहे, हा आपल्याकडचा पक्का समज. ती ऑफिसला जाते तेव्हा सकाळी डबा भरून निघते, आणि संध्याकाळपर्यंत तिच्याकडून कुणाची अपेक्षा नसते. तीच घरून काम करू लागली की गॅसची टाकी तिने घ्यायची, पाहुण्यांना चहा तिने टाकायचा, धार काढायला उशीर झाला तर म्हैस तिने सोडायची. माझ्या सासूबाईंना मी एकदा हेडफोन देऊन आमची मीटिंग ऐकवली. भाषा कळली नाही. पण पलीकडे माणसं आपल्या सुनेचं नाव घेऊन वाट बघत आहेत, एवढं कळलं. त्या दिवसापासून दारावर टांगलेली वेळेची पाटी त्या स्वतः बघतात आणि आल्या-गेल्याला अंगणातूनच वाटेला लावतात. सगळ्यांच्या सासूबाई अशा नसतात.

म्हणून बाईच्या कामाच्या जागेला सगळ्यात आधी काय लागत असेल, तर दार. आतून कडी लागणारं. मी लोकांच्या आजारपणाचे कागद बघते, ते ओट्यावर बसून चारचौघांत उघडता येत नाहीत, तसा कंपनीशी करार असतो. पण दोन खोल्यांच्या घरात तिसरं दार आणायचं कुठून?

केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. शंभर वर्षांपूर्वी तिथे बायका राहत होत्या, मुलं वाढवत होत्या आणि त्याच आवारात छापखाना चालवत होत्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच बायकांनी खिळे जुळवून छापलं. राहणं, मूल आणि काम एका हाकेच्या अंतरावर, तरी कामाची खोली वेगळी. दौंड तालुक्यात हे एकदा होऊन गेलेलं आहे.

२०१७ मध्ये मातृत्व लाभ कायदा बदलला. रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल तर कंपनी आणि बाई यांच्या संमतीने घरून काम करायची वाट त्यातून खुली झाली. पण जिच्या घरी वीज आणि इंटरनेटची खात्री नाही, तिने कुठल्या तोंडाने संमती मागायची? कंपनीचा पहिला प्रश्न तोच असतो, “तुमच्याकडे नेटवर्क कसं आहे?” आणि तिथेच अनेक जणींची नोकरी संपते. त्या नोकऱ्या तुमच्या गावातून जातात, फक्त कुणाला दिसत नाहीत.

म्हणून माझी मागणी एका खोलीची आहे. तुमच्यापैकी अनेकांनी स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका काढल्या, फार चांगलं केलंत. तशीच, तिच्या शेजारी किंवा ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर, काम करणाऱ्यांसाठी खोली हवी. अभ्यासिकेतच बसा म्हणू नका. तिथे बोलता येत नाही आणि आमचं अर्धं काम बोलण्याचं. खोलीत प्लायच्या चार-पाच खोपट्या, प्रत्येकीला दार, बॅटरीवर चालणारं इंटरनेट, बायकांसाठी स्वच्छ संडास, रात्री नऊपर्यंत दिवा असलेला रस्ता, आणि अंगणवाडी जवळ असेल तर सोन्याहून पिवळं. केरळ सरकारने घराजवळ काम करता येईल अशी केंद्रं काढायचं ठरवलं आणि कोट्टारक्करापासून सुरुवात केली. आपल्याला तेवढं मोठं नको, एक खोली पुरे.

फर्निचरसाठी पुण्याला जाऊ नका. शिरूर तालुक्यातच पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी मुंबईतली संशोधनाची नोकरी सोडून १९८३ मध्ये तो सुरू केला, मुलांनी हाताने काम करत शिकावं म्हणून. अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर जगातली पहिली फॅब लॅब (वस्तू घडवायची संगणकी कार्यशाळा) २००२ मध्ये तिथे आली. ज्या तालुक्यात हे आहे त्या तालुक्याने टेबलं बाहेरून मागवायची? मापं आम्ही देतो, उंची बदलता येणारी टेबलं आपल्याच भागातली वेल्डिंग-सुतारकाम शिकणारी मुलं बनवतील. त्यांना काम मिळेल, आम्हाला आमच्या मापाचं टेबल.

पैशाचं विचाराल. वित्त आयोगाचा अबंधित निधी आहे. सौर प्रकल्प झाला असेल तर ते वर्षाचे ५ लाख आहेत. आणि आम्ही फुकट बसणार नाही. माणशी मासिक शुल्क ठरवा, आम्ही भरू. तेवढ्यात विजेचं आणि इंटरनेटचं बिल सुटेल. खोलीची किल्ली मात्र बचत गटाकडे द्या. किल्ली कार्यकर्त्याकडे गेली की खोलीत कॅरम येतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

“पोरं तिथे मोबाईल बघत बसतील,” असं कुणीतरी ग्रामसभेत म्हणेलच. बसू देत दोन-चार जण. समाजमंदिराच्या पायरीवरही बसतातच.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी तुम्ही एक काम करा. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सांगून घरून काम करणाऱ्यांची यादी करा : नाव, वस्ती, फीडर कुठला, कामाची वेळ कोणती, इंटरनेट कुणाचं. आशाताई आणि अंगणवाडीताईंना ही घरं आधीच ठाऊक आहेत, पण त्यांच्यावर फुकटचं आणखी एक काम लादू नका, मानधन द्या. यादी हाती आली की महावितरणच्या ठरावाला पान जोडता येईल आणि खोली किती मोठी हवी तेही कळेल. आमच्या वस्तीची यादी मी करून ठेवली आहे. आमच्या सरपंचबाईंना ती सोमवारी पंचायतीत आणून देते. त्यांनी पोच द्यावी.

आपली,
माहेर शिरूर, सासर दौंड असलेली एक मतदार